उशिरा बोलणाऱ्या मुलांचा डॉक्टर

मोठेपणी कोण होणार, असे वर्गात विचारले की निम्मे हात डॉक्टरकीसाठी वर होतात. कसला डॉक्टर, असे पुढे विचारावे तर हृदयाचा नाहीतर मेंदूच्या शस्त्रक्रियेचा! जी मुले वेळेवर चालत-बोलत नाहीत, ज्यांना अक्षरओळख होता होत नाही, त्यांचाही एक डॉक्टर असतो, हे त्यांच्या गावीही नसते. त्यांना दोष काय द्यावा? नोकरीच्या पहिल्या वर्षी 'भ' आणि 'म' यांत नित्य गोंधळणाऱ्या एका मुलास आम्ही आळशी ठरवून एकेक शब्द पन्नास वेळा लिहावयास लावीत असू. अध्ययन-अक्षमता हा शब्द कानांवरून गेला होता. पण ती मोठ्या शहरांतील मुलांची गोष्ट, अशी आमची समजूत.

मार्ग लांबचा आहे खरा. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, रुग्णालयातील उमेदवारीचे एक, बालरोगांतील एम.डी.ची तीन, पुढे मुलांच्या मज्जाविकारांची डी.एम. पदवी घ्यावयाची तर आणखी तीन. एकूण साडेअकरा वर्षे, तीही प्रत्येक प्रवेशपरीक्षा पहिल्याच खेपेस साधल्यास! बालविकासाची फेलोशिप घेणाऱ्यास वाट थोडी जवळची. अमेरिकेत या शाखेसाठी वैद्यकीय पदवीनंतर सहा वर्षे लागतात: दोन बालरोगांची, चार मज्जासंस्था व विकास यांच्या अभ्यासाची.

आमच्या मते खरी कसोटी निराळीच आहे. स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी औषधाच्या बाटलीने बरी होत नाही. मूल ठोकळे कसे रचते, हाकेसरशी वळते का, हवी ती वस्तू बोटाने दाखविते का, हे जमिनीवर बसून पाहावे लागते. वाचोपचार करणाऱ्यांशी, शिक्षकांशी विचारविनिमय करावा लागतो. आणि आईचे बोलणे मध्येच न तोडता ऐकावे लागते.

येथे आमच्या गोमंतकीय मुलांना मोठी अनुकूलता आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी, यातच ती वाढली. दोन भाषांमुळे मूल मुके होत नाही. मात्र त्याचे शब्द मोजावयाचे तर दोन्ही भाषांतले मोजावे लागतात. कोंकणी घरातल्या तीन वर्षांच्या बाळास इंग्रजीत प्रश्न घालून 'याला शब्द थोडे' म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांची नोंद घेतली. परंतु त्या ओळखणारा जाणता डॉक्टर जवळपास नसेल, तर आईबापांनी जावे कोठे?

आमचा तो विद्यार्थी आज होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. वाटेत भेटला की आदराने नमस्कार करतो. आम्हांस मात्र त्या पन्नास ओळी आठवतात.