नातवंडाचा फोटो, कोवळ्या उन्हात

भर दुपारी अंगणात काढलेला नातवाचा एखादा फोटो आठवून पाहा. डोळे किलकिले, कपाळावर लख्ख ऊन आणि डोळ्यांखाली काळी सावली. दोष मुलाचा नसतो, आपल्या थरथरत्या हाताचाही नसतो. तो डोक्यावर आलेल्या सूर्याचा असतो.

म्हणून सकाळचे कोवळे किंवा सायंकाळचे कलते ऊन निवडावे. दुपारीच फोटो काढायचा असल्यास मुलाला ओसरीच्या कडेला, सावलीत, पण तोंड उघड्या आकाशाकडे करून बसवावे. प्रकाश चेहऱ्यावर सारखा पसरतो. झाडाखालच्या कवडशांत मात्र चेहरा ठिपकेदार दिसतो.

फोन मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा. त्यासाठी गुडघे दुमडण्याऐवजी खुर्चीवर बसावे आणि कोपरे अंगाशी टेकवावीत. हात स्थिर राहतो. पडद्यावर मुलाच्या डोळ्यांपाशी बोट टेकवावे, म्हणजे चेहरा स्पष्ट येतो. ‘हस बघू’ म्हणण्यापेक्षा एखादी गोष्ट सांगत राहावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. पडद्याकडे पाहत मागे सरकू नये. आधी थांबावे, वळून पाहावे, मगच पाऊल टाकावे. फोटो पुन्हा काढता येतो. या वयात मोडलेले हाड लवकर सांधत नाही.