लालाजींच्या माळ्यावरच्या वह्या

नोएडात वारसा म्हणण्यासारखं काय आहे, असं विचारलं की इथली मराठी मंडळी हमखास गोल्फ कोर्सातल्या स्तंभाचं नाव घेतात. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकच्या इंग्रज फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेला हरवलं, ते या परिसरात. पराभवाचा का होईना, आपला एक दगड आहे. बाकी शहर १७ एप्रिल १९७६ चं, आणीबाणीत जन्मलेलं आणि सेक्टरच्या आकड्यांनी ओळखलं जाणारं.

पण हरौला, नया बांस, अट्टा, निठारी, छलेरा, भंगेल ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. नोएडा प्राधिकरणाने शेतं घेतली. घरं आणि गल्ल्या, म्हणजे ‘आबादी’, जागेवर राहिली आणि सेक्टर तिच्याभोवती उभे राहिले. त्या गल्ल्यांत कुठे कुठे आजोबांपासून चालत आलेलं परचूनचं दुकान अजून उघडं असतं. म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. शहरापेक्षा ते वयाने मोठं आहे, याची शहराला दादही नाही.

लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्ताशांसाठी आम्ही अशाच एका दुकानात, म्हाताऱ्या लालाजींकडे, जातो. छताला सुतळीचं रीळ टांगलेलं. भिंतीवर शेंदराने ‘शुभ-लाभ’ आणि त्याच्या खाली मोबाइलने पैसे द्यायचा चौकोनी कोड. लोखंडी वजनं आता कागद उडू नयेत म्हणून वापरतात. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपशी या दुकानाची तुलना करून गहिवरण्यात आम्हाला रस नाही. साबण-तेल आम्हीही ॲपवरूनच मागवतो. आमचा जीव अडकला आहे तो माळ्यावरच्या गाठोड्यात.

गाठोड्यात जुन्या वह्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, मधोमध दुमडणाऱ्या. आत एकही रेघ नाही. कागदाला घड्या घालून सळ पाडायचे आणि तेच रकाने: डावीकडे जमा, उजवीकडे नावे. अक्षर मुडिया, काना-मात्रांना फारशी किंमत न देणारं. जो नातू आज गल्ल्यावर बसतो, त्याला आजोबांचा हिशेब वाचता येत नाही. आपल्याकडे मोडीचे वर्ग तरी भरतात. इथे लालाजी वाचून दाखवतील तोवरच ते पान बोलतं.

आणि बोलतं बरंच. शेती होती तेव्हा उधारी पिकावर असायची, म्हणून खाती हंगामाला मिटत. दुकानात दोर, रॉकेल, गूळ, खांड. जमिनी गेल्या, मोबदला आला, त्यातून खोल्या उठल्या आणि त्या खोल्यांत बिहार-पूर्वांचलचे कामगार राहायला आले. मग सत्तू आला, मोहरीच्या तेलाच्या छोट्या बाटल्या आल्या, पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. आधीच्या महिन्याचा पगार सात तारखेपर्यंत द्यावा असा कायदा. तेव्हा उधारीही सात तारखेवर आली. शेतकऱ्यांच्या गावाची कामगारवस्ती झाली कशी, हे कळायला प्राधिकरणाच्या नकाशापेक्षा या वह्या अधिक उपयोगी पडतील, असं आमचं मत आहे.

दिवाळीचा आणि या वह्यांचा संबंध नुसता पूजेपुरता नव्हता. दिवाळी ते दिवाळी हे हिशेबाचं वर्ष एके काळी प्राप्तिकर खात्यालाही चालत असे. १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून एप्रिल ते मार्च सगळ्यांनाच सक्तीचं झालं. तेव्हापासून पाटावरची वही पूजेपुरती आणि संगणकातली करापुरती.

वाण्याच्या वहीला वारसा म्हणताना मराठी माणसाची जीभ जरा अडखळली पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली आणि कर्जरोखे, वह्या बाहेर ओढून जाळल्या. माणसांना इजा फारशी केली नाही. राग कागदावर होता. त्या सावकारांतले बरेचजण दुकानदारही होते. मीठ-तेल त्यांच्याकडचं आणि कर्जही त्यांचंच. पुढे १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने शेतकऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला, कारण वहीत काय लिहिलंय ते ज्याच्या नावे लिहिलंय त्यालाच ठाऊक नसे. नोएडाच्या गल्लीतली वही त्याहून सोज्वळ असेल असं मानायला काही आधार नाही. कुणाला उधार मिळालं, कुणाला नाही, कुणी ओट्यावर बसून माल घेतला आणि कुणी खाली उभं राहून, हेही त्या दुकानाच्या इतिहासात येतं. म्हणूनच ती वही जपायची. गोडगोड आठवणी सांगायला जाहिराती आहेतच.

कायदाही इथे अनपेक्षितपणे बाजूने आहे. पुराण वस्तूला साधारणपणे शंभर वर्षांची अट. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यात हस्तलिखितं, दप्तरं आणि कागदपत्रं यांना पंचाहत्तरच वर्षं पुरतात. ऐतिहासिक मोल मात्र असावं लागतं. म्हणजे प्रजासत्ताकाच्या आधीची एखादी वही माळ्यावर निघाली, तर तिच्यासाठी निदान दावा तरी मांडता येईल. इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघर फिरून दप्तरं गोळा केली नसती तर मराठ्यांच्या इतिहासाची किती साधनं वाळवीने खाल्ली असती, हे आपल्याला सांगायला नको. ती दप्तरं बहुतेक सरदार-कारकुनांची होती. वाण्याच्या दप्तराकडे कोण जाणार?

आमची सूचना साधी आहे, आणि वेळ याच पंधरवड्यातली आहे, कारण दिवाळीच्या साफसफाईतच जुन्या वह्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. या सुट्टीत गावी जाल, मग ते गाव सांगोल्याकडचं असो की भंगेलच्या गल्लीतलं, तिथल्या जुन्या दुकानदाराला वही दाखवायला सांगा. उजेडात, पान सपाट धरून, पुठ्ठ्यासकट फोटो घ्या. तिथी कापू नका. जुना माणूस असेल तर त्याच्याकडून मालाची नावं आणि भाव मोठ्याने वाचून घ्या आणि आवाज ध्वनिमुद्रित करा. वही मात्र मागू नका, ती त्यांची आहे. वाचकांकडून येणारे असे फोटो आम्ही पुढच्या अंकात छापू, फक्त ऋणकोंची नावं झाकून पाठवा. त्यांची नातवंडं अजून त्याच गल्लीत राहतात, आणि एखाद्या खात्यावर बाकी अजून निघत असायची.