प्रश्नपरीक्षेत गोठाही यावा

आपल्या बीड जिल्ह्यातील वैद्याकडे येणारा रुग्ण बहुधा शेतकरी, पशुपालक अथवा ऊसतोड कामगार असतो. त्याचे घर आणि गोठा यांत अनेकदा एका भिंतीचेच अंतर असते. दसऱ्यानंतर बैलजोडीसह कारखान्यावर गेलेल्या कुटुंबाच्या कोपीजवळ तर ती भिंतही नसते. परंतु या कुटुंबाचा वैद्य आणि त्यांच्या जनावरांचा पशुवैद्य यांची वर्षानुवर्षे गाठ पडत नाही. या दुराव्याची किंमत रुग्णास मोजावी लागते, असे आमचे मत आहे.

आमच्याच हातून घडलेले उदाहरण देतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एक शेळीपालक स्त्री संधिशूल, कटिशूल, रात्रीचा घाम आणि अधूनमधून येणारा ज्वर या तक्रारी घेऊन आली. आमवात समजून आम्ही दोन महिने चिकित्सा केली. उपशय मिळाला नाही. पुढे बोलण्याच्या ओघात तिने सांगितले की, घरच्या तीन शेळ्या गाभडल्या होत्या व त्यांची वार तिनेच हातांनी काढली होती. रक्तपरीक्षेत ब्रुसेलोसिस निघाला. गाभडलेल्या जनावराच्या स्रावातून व कच्च्या दुधातून हा रोग माणसास होतो आणि त्यावर दोन प्रतिजैविके एकत्र, सहसा 6 आठवडे द्यावी लागतात. आम्ही आहार, निद्रा, मलप्रवृत्ती सारे विचारले होते. गोठा विचारला नव्हता.

वस्तुतः आपल्या शास्त्राने ही दृष्टी पूर्वीच दिली आहे. जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना चरकाचार्य पक्ष्यांनी सोडून दिलेले जल आणि व्याकूळ झालेले पशुपक्षी यांची नोंद घेतात. सिद्धिस्थानात हत्ती, उंट, गाय यांच्या बस्तीचाही विचार आहे. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाची लक्षणे आणि दष्ट रुग्णाचा जलत्रास एकाच अध्यायात वर्णिले आहेत.

अलीकडचे प्रसंगही हेच सांगतात. जानेवारी 2021 मध्ये आपल्या जिल्ह्यातील मृत कावळ्यांत आणि परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथील कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. 2022 मध्ये लम्पी आला. तो माणसास होत नाही. तरीही भीतीपोटी दूध बंद करणारी कुटुंबे आम्ही पाहिली. पशुवैद्यांच्या सांगण्यास आपण वेळीच दुजोरा दिला असता, तर हा गैरसमज लवकर दूर झाला असता.

11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर येथे राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, हे स्वागतार्ह आहे. तथापि गावपातळीवरचे काम आपल्यालाच करावे लागेल. दीर्घकाळ ज्वर वा संधिशूल असलेल्या प्रत्येक रुग्णास वैद्याने विचारावे, "घरच्या जनावरांना काही झाले आहे का?" उत्तर संशयास्पद असल्यास रुग्णाची रक्तपरीक्षा करवावी आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांस कळवावे. श्वानदंशाच्या रुग्णाची जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्यास लसीकरणासाठी तत्काळ रुग्णालयात पाठवावे. कुत्र्याने जनावरांनाही चावा घेतला असेल, तर तेही पशुवैद्यांस सांगावे.

औषधविक्रेत्यांनीही "औषध कोणासाठी?" हे विचारावे. गिधाडांच्या मृत्यूंमुळे 2006 मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवापरावर बंदीची कार्यवाही सुरू झाली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळू लागल्याने 2015 मध्ये हे इंजेक्शन 3 मिलीच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित करावे लागले. माणसाचे इंजेक्शन गोठ्यात जाणे दुकानाच्या काउंटरवरच थांबू शकते.

गर्दीत वेळ मिळत नाही, रुग्ण दुसरीकडे पाठवला तर हातचा जातो, ही व्यवसायबंधूंची अडचण आम्हांसही ठाऊक आहे. परंतु या प्रश्नास अर्धा मिनिट लागतो. तो न विचारल्याने आमच्या रुग्णाचे दोन महिने गेले. संघटनेने प्रत्येक तालुक्यात वर्षातून एकदा तरी पशुवैद्यांसमवेत बैठक घ्यावी आणि परस्परांचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दवाखान्यात लावावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.