पंधरा वर्षे झाली म्हणून गाडी भंगार होत नाही

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्याने ती त्या दिवशी संपली. वर्तमानपत्रांतून फोटो आले, आठवणी आल्या. परंतु त्याचबरोबर आपल्या वस्त्यांमधून एक चुकीचा समजही पसरला. जुनी गाडी आता सरकार उचलून नेणार, तेव्हा मिळेल त्या भावात भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हावे, असे लोक बोलू लागले. मीरा-भाईंदरमध्ये अनेक कुटुंबांनी चालत्या स्कूटर आणि धडधाकट मोटारी या भीतीपोटी कवडीमोलाने काढल्या, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

म्हणून प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. वीस वर्षांची अट टॅक्सीला आहे. खाजगी मोटार किंवा स्कूटर यांची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून घेतली आणि गाडी लायक ठरली, तर पुढची पाच वर्षे मिळतात, मग पुन्हा पाच, असे गाडी चांगली असेपर्यंत चालू राहते. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेल गाडीला दहा वर्षांचा नियम न्यायालयाच्या आदेशाने आला, तो तिकडचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी सरसकट रद्द करण्याचा नियम आला, तो सरकारी गाड्यांसाठी. या दोन बातम्या एकत्र कालवून कोणीतरी आपल्याला भीती घातली आणि आपण घाबरलो.

आता आमच्या शेजारच्या काकांची हकीकत सांगतो, कारण तिच्यात आकडेही आहेत आणि कामही आहे. काका एका बँकेत ड्रायव्हर होते, सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्याकडे १९९६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, २००१ मध्ये दुसऱ्या हाताने घेतलेली. मोतीबिंदूमुळे त्यांनी गाडी चालवणे सोडले आणि ती इमारतीच्या मागे तीन वर्षे कापडाखाली उभी राहिली. सोसायटीची नोटीस आली. मुलगा म्हणाला, भंगारवाला वीस हजार देतो आहे, देऊन टाकू. एरवी तसेच झाले असते. परंतु त्याच सुमारास काकूंचे डायलिसिस सुरू झाले, आठवड्यातून तीन वेळा आणि वेळ पहाटे सहाची. पावसात पहाटे पाच वाजता रिक्षा मिळत नाही, मिळाली तर माणूस म्हणेल ते भाडे. परत येताना काकूंना चक्कर येते, दोन पावले चालवत नाही. काकांचे डोळ्यांचे ऑपरेशन तोवर झाले होते, डॉक्टरांच्या दाखल्यावर लायसन्सही वाढवून मिळाले होते. गाडीच्या नोंदणीची मुदत मात्र जानेवारी २०२६ ला संपत होती.

काका आम्हाला म्हणाले, "तू कॉमर्सवाला. ठेवावी की विकावी, तूच हिशेब कर."

हिशेबाआधी गाडीविषयी थोडे. ही गाडी आपल्या मुंबईतलीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मूळची ती इटलीची फियाट ११००. सत्तरच्या दशकात तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि मग पद्मिनी. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि साध्या पान्याने खुलतो. एवढ्यासाठीच घरच्या घरी दुरुस्तीचा विचार करता आला. आजच्या नव्या मोटारीला हा सल्ला आम्ही देणार नाही.

काम रविवारी-रविवारी झाले. काका, त्यांची अकरावीतली नात आणि पाना-कंदील धरायला आम्ही. काकांचा पहिला नियम असा की तीन वर्षे उभ्या असलेल्या गाडीची चावी लगेच फिरवायची नाही. आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर काढली. टाकीतले जुने पेट्रोल रबरी नळीने उपसून टाकले. त्याला वार्निशासारखा वास येत होता. (हे काम मोकळ्या हवेत करावे आणि बिडी-सिगारेटवाल्याला दहा हात लांब उभे करावे. नळी तोंडाने ओढू नये, हातपंप शंभर-दीडशे रुपयांत मिळतो.) इंजिनचे ऑइल आणि फिल्टर बदलला. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडले, रात्रभर राहू दिले, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकलली. असे केले की इंजिन आतून फिरते आणि पिस्टन चिकटले असतील तर कळते. ते फिरले, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले.

पुढे ठिणगी. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले तर पॉइंटवर पांढरट थर चढलेला. बंद राहिलेल्या जुन्या गाडीचा हा हमखास दोष आणि बहुतेक वेळा गाडी 'मेली' असे म्हणतात ती एवढ्यानेच. बारीक पॉलिश पेपरने तो घासता येतो, पण काकांनी पॉइंट आणि कंडेन्सर नवेच घातले. दोन्ही पॉइंटमधले अंतर सुमारे ०.४५ मिलिमीटर ठेवायचे असते. नातीने फीलर गेजची पाती घालून ते तीनदा तपासले. काका तिला सांगत होते, "अगं, पात अडकायलाही नको आणि सैल जायलाही नको, लोण्यातून सुरी जाते तशी जायला हवी."

कार्बोरेटरच्या वाटीत गाळ साचला होता. जेट काढून हवेच्या झोताने साफ करावेत, त्यात तार कधीही घालू नये. भोक केसभर मोठे झाले तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. याला एक नवे कारण आहे. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. नळी आतून मऊ पडते, तिचे कण जेटमध्ये अडकतात, किंवा ती फुटून गरम इंजिनवर पेट्रोल गळते, हे त्याहून वाईट. स्कूटरवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पेट्रोलच्या नळीला दोनदा वाकवून पाहावे, बारीक भेगा दिसल्या तर बदलावी. काही रुपयांचे काम आहे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र आमचे मत पक्के आहे की ते घरी करू नयेत. ड्रम काढून धूळ पुसणे, लायनिंग किती उरले ते पाहणे, एवढे घरी ठीक. मास्टर सिलिंडर आणि चाकांच्या सिलिंडरमधले रबरी कप बदलणे, जुने ब्रेक ऑइल काढून नवे भरणे आणि हवा काढणे यासाठी काकांनी काशीमिऱ्याच्या एका जुन्या मिस्त्रीला बोलावले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि आतून गंज धरतो, म्हणून उभ्या गाडीचे ब्रेक सर्वांत आधी जातात. काका स्वतः तीस वर्षे स्टिअरिंगवर होते, तरी या कामाला त्यांनी हात लावला नाही. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. खाली लाकडाचे जाड ठोकळे किंवा स्टँड हवेतच. विटा तर मुळीच नको, वीट क्षणात फुटते.

खरा शत्रू वेगळाच निघाला. आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये मिठागरे. खारी हवा पत्रा खाते. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा नखाने टोचला तर आत गेला. दरवाजाच्या तळाला पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात, ती चिखलाने बुजली होती आणि दरवाजे आतून सडत होते. नातीने केसांच्या पिनेने ती भोके मोकळी केली. गंज तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात घरी दिले, पण फ्लोअरला पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगवाल्याकडूनच लावून घेतले. वेल्डिंगच्या आधी सीट आणि टाकी काढायला लावावी, हे सांगून ठेवतो. वसई, उत्तन, भाईंदर पश्चिम येथल्या लोकांनी पावसाळा संपला की गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. फुकटचे औषध आहे.

टायर चांगले दिसत होते, नक्षीही होती. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. काकांच्या टायरांवर त्याहूनही जुना आकडा होता आणि कडेला भेगा. चारही बदलावे लागले. हाच सर्वांत मोठा खर्च ठरला.

आता हिशेब. ऑइल-फिल्टर १,४००, बॅटरी ४,२००, प्लग-पॉइंट-कंडेन्सर ९००, नळ्या-पट्टा-क्लिपा १,६००, ब्रेकचे सामान व मजुरी ६,५००, वेल्डिंग व रंग ५,५००, बल्ब-वायर ७००, टायर १०,८००. एकूण ३१,६०० रुपये. त्यावर कागदांचा खर्च. १ एप्रिल २०२२ पासून खाजगी मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० झाले आणि वीस वर्षांवरील मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० पडतात. दुचाकीला अनुक्रमे १,००० आणि २,०००. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट. सगळे धरून पंचेचाळीस हजारांच्या पुढे गेले.

वीस हजारांच्या भंगारावर पंचेचाळीस हजार घालणारा वेडाच म्हणायचा. मुलगा तेच म्हणत होता आणि नुसते हे दोन आकडे पाहिले तर त्याचे बरोबर होते. पण आम्ही दुसरी बाजू लिहून काढली. दवाखाना सात किलोमीटर. रिक्षाने जाऊन-येऊन २८० रुपये, महिन्याच्या तेरा खेपांचे ३,६४०. पद्मिनी लिटरला बारा किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरले तर एका खेपेला सुमारे १२१, तेरा खेपांचे १,५७३. महिन्याला दोन हजारांहून थोडे जास्त वाचतात. म्हणजे बावीस महिन्यांत पैसे वसूल, मध्ये मोठा बिघाड झाला नाही तर. डायलिसिस बावीस महिन्यांत थांबणारे नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. कोणी बोलले नाही. मुलाने दुसऱ्या दिवशी टायरचे पैसे आणून दिले.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा असतो. उशीर झाला तर मोटारीला दर महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये दंड चढत जातो. चार वर्षे विसरलेल्या मोटारीवर नुसत्या दंडाचेच २४,००० होतात. कपाटातले आरसी बुक आजच काढून तारीख पाहावी. आपल्याकडच्या गाड्या बहुतांशी ठाण्याच्या, एमएच ०४ च्या. २०२५ मध्ये मीरा-भाईंदरसाठी एमएच ५८ हा क्रमांक मंजूर झाला आहे. काकांची गाडी पहिल्या दिवशी परत पाठवली गेली, कारण डाव्या बाजूचा ब्रेकलाइट लागेना. बल्ब नवा होता, वायर नवी होती. शेवटी अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज सापडला, तो घासला आणि दिवा लागला. दुसऱ्या खेपेस पास.

ज्यांना गाडी काढायचीच आहे त्यांनी जरूर काढावी, हट्टाने ठेवण्यात अर्थ नाही. परंतु नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, ठेवीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यावी. गल्लीतल्या भंगारवाल्याने रोख पैसे दिले आणि गाडी न तोडता कोणाला विकली, तर कागदावर मालक तुम्हीच राहता. त्या गाडीचा अपघात झाला किंवा तिच्यातून काही भलते वाहून नेले, तर पोलीस तुमच्या दारात येतील. आणि गाडी पन्नास वर्षांवरची असेल, म्हणजे कोणाकडे सत्तरच्या दशकातली जुनी फियाट असेल, तर भंगारवाल्याला दाखवूच नये. २०२१ च्या नियमाप्रमाणे मूळ स्वरूपातल्या अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, शुल्क २०,००० आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड अजून उपयोगी पडतो. टॅक्सी गेल्यापासून पद्मिनीचे सामान मिळणे कमी होत चालले आहे, म्हणून काकांनी पॉइंट, कंडेन्सर, फॅनचा पट्टा आणि ब्रेकच्या कपांचा एकेक जादा संच आणून डिकीत ठेवला आहे. नात आता विचारते आहे की आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स मुलींना मिळतो का. मिळतो, आणि दहावी पास असले की अर्ज करता येतो. तिच्या आईला ते पटलेले नाही.