मासा आकड्यावर जगत नाही!

पीएचला मराठीत ‘सामू’ म्हणतात हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हा शब्द मला शाळेत कधी भेटलाच नाही. गावी काकांच्या माती परीक्षणाच्या कागदावर तो पहिल्यांदा वाचला. पण ज्या घरात माशांची टाकी आहे, तिथे हा सामू कधी ना कधी डोकेदुखी होतोच.

नेहमीची स्टोरी अशी. गप्पी, मॉली मलूल होतात. कोणीतरी टेस्ट किट आणतं, पीएच निघतो ६. मग दुकानातून पीएच वाढवायची बाटली येते. थेंब टाकले की आकडा साडेसात, सगळे खूश! दोन दिवसांत आकडा पुन्हा खाली, पुन्हा थेंब. शेवटी मासा तरंगायला लागतो आणि घरचे म्हणतात, “वीस रुपयांचा तर मासा, दुसरा आणू.” माझा राग या वाक्यावर आहे. आपण जीव पाळलाय, ट्यूबलाइट बदलत नाही आहोत. माझं स्पष्ट मत आहे की थोडा कमी पीएच मासा सहन करतो, पण पीएचचं हे वर-खाली नाचणं त्याला मारतं.

कारण साधं आहे. पीएचचा स्केल लॉगरिदमिक असतो. ६ वरून साडेसात म्हणजे हायड्रोजन आयन्स तीसपटीहून कमी, तेही तासाभरात! आणि याहून वाईट म्हणजे अमोनिया. माशांच्या घाणीतून तो सतत तयार होतो. आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम म्हणून असतो, जो फारसा त्रास देत नाही. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना यातला विषारी अमोनिया जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे घाण साठलेल्या टाकीत पीएच एकदम वाढवला, की आपण स्वतःच्या हाताने दहापट विष कालवतो.

मुळात पीएच पडतो का? टाकीतले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात ॲसिड तयार होतं. पाण्यातले बायकार्बोनेट्स ते ॲसिड झेलतात. यांचं माप म्हणजे केएच. मेकॅनिकलवाल्यांनी याला फ्लायव्हील समजावं, इलेक्ट्रिकलवाल्यांनी कपॅसिटर. तो संपला की पीएच कोसळतो. आर.ओ.च्या पाण्यात तर तो जवळपास नसतोच. बाटली फक्त आकडा बदलते, केएच नसेल तर तो टिकणार कसा?

म्हणून आधी केएच मोजा. मग पाव टाकी पाणी बदला, म्हणजे अमोनिया कमी होईल. त्यानंतर खाण्याचा सोडा: १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच साधारण १ डिग्री वाढतो. कपभर पाण्यात विरघळवून, रोज थोडा थोडा. धुण्याचा सोडा नको, बेकिंग पावडर तर नकोच. केएच ४ च्या आसपास आला की बस्स.

कायमचा उपाय कोकणी स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्या खाऊन झाल्या की शिंपले घासून, उकळून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्लधर्मी झालं की ते विरघळतात, पीएच वर आला की विरघळणं मंदावतं. कंट्रोल सिस्टिम्समधला निगेटिव्ह फीडबॅक, तोही फुकट! किनाऱ्यावरून प्रवाळ मात्र उचलू नका, आपल्याकडे त्याला कायद्याने संरक्षण आहे.

अर्थात सगळ्या माशांना हे लागू नाही. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या सॉफ्ट, आम्लधर्मी पाण्यातला. त्याला साडेसातपर्यंत ओढायची गरजच नाही. मासा कुठला, हे आधी विचारा, आकडा नंतर.

“एवढं कोण करत बसणार?” असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देते. एफ.ई.ला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पाण्याची अल्कलिनिटी काढली होती ना, मिथाइल ऑरेंज टाकून? जर्नल कम्प्लीट करण्यापुरती? केएच म्हणजे जवळपास तेच. पुढच्या वेळी घरच्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये न्या, सरांना विचारा आणि टायट्रेशन करा. रीडिंग मित्राच्या जर्नलमधून छापायची गरज पडणार नाही, आणि बिचारा मासाही वाचेल.