वाद काही हजारांचा, कुलूप साऱ्या खात्याला

कापडाच्या धंद्यात पूर्वी उधारीची वही आणि दलालाचा शब्द यांवर काम चालत असे. आता मालेगाव, भिवंडीत सूतवाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोडची पाटी लागली आहे. यूपीआय २०१६ साली आले. १ जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. छोट्या व्यापाऱ्याला याचा फायदा झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच मोबाईलवर एके दिवशी खाते रोखल्याचा संदेशही येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

हे घडते कसे? दूर कुठेतरी एखाद्याची ऑनलाइन फसवणूक होते आणि तो १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था गरजेचीच होती. ठगाच्या हातून पैसा निसटण्याआधी तो अडवायचा, तर घाई करावीच लागते. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरतो आणि वाटेत येणारी खाती बँका रोखत जातात. त्यातल्याच पैशाने कोणी चार तागे कापड खरेदी केले, की विकणाराही त्या साखळीत ओढला जातो. त्याने माल दिला, बिल फाडले, जीएसटी भरला. तरी खाते बंद!

आमच्या परिचयाच्या एका यंत्रमागवाल्याचे असेच झाले. वादातली रक्कम काही हजारांची, पण अडकले पूर्ण चालू खाते. गुरुवारी आठवड्याची मजुरी द्यायची होती, सुताचा धनादेश वटायचा होता. बँक म्हणे पोलिसांना विचारा. पोलीस ठाणे परराज्यात, भाषा निराळी, फोन कोणी उचलेना. शेवटी नातलगांकडून हातउसने घेऊन त्याने मजुरी भागवली. वटला नाही तो धनादेश, आणि सूतवाल्याकडे त्याची पत गेली ती वेगळीच.

चोरीची नोट फिरत फिरत किराणावाल्याच्या गल्ल्यात आली, म्हणून कोणी त्याचे दुकान सील करत नाही. मग खात्याच्या बाबतीत निराळा न्याय का? बँक खाते ही पोलिसांना रोखता येण्याजोगी मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरवले. परंतु ज्या कलमाखाली ही कारवाई होते (पूर्वीचे १०२, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतील १०६), त्यातच दंडाधिकाऱ्याला ताबडतोब कळवण्याचे बंधन आहे. केरळ उच्च न्यायालयाने तर २०२३ मध्ये, पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतेच खाते रोखा, असा आदेश बँकांना दिला. आपल्या गावच्या शाखेत हा निकाल दाखवला तर साहेब लगेच मानतील असे नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा.

आमचे म्हणणे एवढेच, की वादातली रक्कम खुशाल रोखा, बाकी खाते चालू ठेवा, आणि तक्रार क्रमांक व पोलीस ठाण्याचे नाव खातेदाराला त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्या. यंत्रमाग संघटनांनी वीजदराइतक्याच जोराने हा प्रश्न मांडला पाहिजे. एकेकट्या व्यापाऱ्याचे परराज्यात कोण ऐकणार?

तोवर बांधवांनी आपल्यापुरती काळजी घ्यावी. ज्याच्या नावे बिल, त्याच्याच खात्यातून पैसे घ्यावेत. ‘भाच्याच्या खात्यातून पाठवतो’ म्हणणाऱ्या नव्या गिऱ्हाईकाला, माल पडून राहिला तरी चालेल, पण स्पष्ट नकार द्यावा. बिल, बिल्टी, ई-वे बिल जपून ठेवावे. आणि मजुरीचा पैसा शक्यतो दुसऱ्या बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवावा. त्या खात्याचा क्यूआर कोड दुकानात लावू नये.