जुन्या पिकअपची ब्रेक-डिस्क

कापसाच्या हंगामांत हिंगणघाट, आर्वी, पुलगांवच्या बाजाराकडे भरून जाणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या आपण नित्य पाहतों. बैल पारखून घेणारे आमचे शेतकरी बंधू गाडीची ब्रेक-डिस्क मात्र केवळ स्वस्त म्हणून घेतात, हें योग्य नव्हे.

डिस्क बिडाची असते. गाडी थांबवितांना उत्पन्न होणारी उष्णता तिला सोसावी लागते. झिजून पातळ झालेली डिस्क लवकर तापते व भरल्या गाडीचा ब्रेक ऐन उतारावर दगा देतो. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. तिच्याखालीं जाईल इतकी डिस्क लेथवर घासून घेणें ही काटकसर नव्हे, जिवाशीं खेळ होय.

नवी घेतांना दुकानदारास चेसिस क्रमांक दाखवावा व व्यास, जाडी, बोल्टांचीं भोंकें जुन्या डिस्कशीं ताडून पाहावीं. मूळची डिस्क मधें हवेची पोकळी असलेली असल्यास भरीव घेऊं नये. डाव्या-उजव्या दोन्ही डिस्क, पॅडांसह, एकदम बदलाव्या. नाहींतर गाडी एका बाजूस ओढते.

दसऱ्यास गाडीची पूजा करण्यापूर्वीं प्रत्येकानें डिस्कची जाडी मोजवून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.